भेगेवरची काच

१

सोमवारी सकाळी आम्ही वाचनालयाच्या मोठ्या खोलीत शिरलो, तेव्हा भिंतीवरची भेग जागेवर होती. तिच्यावरची काच मात्र गायब होती.

"कशाला हात लावू नकोस," ताई म्हणाली.

मी हात लावणार नव्हतोच. एका हातात कॅमेऱ्याची तिपाई, दुसऱ्यात दिवा, आणि तिसरा हात मला कुणी दिलेला नाही. पण लहानपणापासून ताईची ठाम समजूत आहे, की घरात काही मोडलं असेल तर ते मीच मोडलेलं असणार. आता ती समजूत तिने घराबाहेरही लागू केली आहे.

ताई वकील आहे. न्यायाधीशांनी या दाव्यात तिला कोर्ट कमिशनर नेमलं होतं. म्हणजे जागेवर जायचं, दिसेल ते पाहायचं आणि कोर्टाला लिहून द्यायचं. कोण खरं आणि कोण खोटं हे ठरवणं तिचं काम नाही. मी लग्नांचे फोटो काढतो. अशा कामांना ती मला नेते, कारण माझ्यावर तिचा फार विश्वास आहे असं ती सगळ्यांना सांगते. धाकटा भाऊ फुकट येतो, हे सांगत नाही.

दावा तसा सरळ होता. आठ वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने नगरपालिकेला हे वाचनालय बांधून दिलं. पुढे त्याची मागची भिंत फाटली. काम कच्चं होतं, दुरुस्तीचा खर्च भरून द्या, म्हणून नगरपालिका कोर्टात गेली. कंत्राटदार मोठा बेरकी. कामाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्याने बोट ठेवलं ते मुदतीवर. दोष कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. नगरपालिकेचं म्हणणं, आम्हाला भेग दोन वर्षांपूर्वी कळली. कंत्राटदाराचं म्हणणं, तुम्हाला ती पाच वर्षांपूर्वीच ठाऊक होती, तुम्ही झोपा काढल्यात, आता दावा मुदतीबाहेर गेला. हे म्हणणं टिकलं, तर भिंत चांगली बांधली की वाईट हे कुणी विचारणारही नव्हतं.

आणि त्याचा पुरावा म्हणजे ती काच.

शुक्रवारी संध्याकाळी पहिल्या भेटीला आम्ही ती सगळ्यांनी पाहिली होती. वीतभर लांबीची काचेची पट्टी, भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरच्या गोळ्याने भिंतीला डकवलेली. तिच्यावर काळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं. पण ती होती उंचावर, वर धूळ बसलेली, आणि नेमकी वीज गेलेली. ताईने टॉर्च मारला तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकली, पण अक्षर लागेना. मी मोबाइल काढला तर ताईने डोळे वटारले. "अर्धवट फोटोवरून पुढे भांडणं होतात. सोमवारी शिडी आणू, दिवा आणू, दोन्ही बाजूंना समोर ठेवू आणि मग काय ते काढू."

सोमवारी शिडी होती, दिवा होता, दोन्ही बाजू येतच होत्या. भिंतीवर फक्त दोन डाग होते.

ताई खुर्चीवर बसली. ती सहसा कामाच्या जागी बसत नाही. "माझी चूक झाली," ती हळूच म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मला चाळीस वर्षं लागली होती, पण ऐकून अजिबात बरं वाटलं नाही.

२

कंत्राटदार आला तो घामाघूम आणि हसतमुख. ठेंगणा, गोल, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. भिंतीकडे पाहून त्याने मांडीवर थाप मारली.

"बघा मॅडम! मी शुक्रवारी दाखवली आणि सोमवारी उडाली. खोली कुणाची? नगरपालिकेची. किल्ल्या कुणाकडे? नगरपालिकेकडे. आता अजून काय पाहिजे तुम्हाला? लिहा अहवालात, यांनी पुरावा लंपास केला म्हणून."

"दिसेल ते लिहीन," ताई म्हणाली. "त्या काचेवर तारीख होती म्हणता. तुम्ही वाचली होती?"

"म्हणजे काय! खालूनच वाचली." आणि त्याने दिवस, महिना, वर्ष घडाघडा म्हणून दाखवलं. बरोबर पाच वर्षांपूर्वीचं. "यांच्याच इंजिनिअरने लावलेली. भेग वाढते का ते बघायला लावतात अशी पट्टी. म्हणजे भेग तेव्हा होती आणि यांना माहीत होती. मी काय वेगळं सांगतोय?"

तो बाहेर फोन करायला गेल्यावर मी ताईला विचारलं, "काच गेली ते त्याचंच नुकसान ना? पुरावा त्याचा होता."

"उलट. ज्याच्या ताब्यातून पुरावा नाहीसा होतो, तो त्याच्या विरुद्ध असणार असं कोर्ट धरून चालू शकतं. आता तारीख वाचायचीही गरज उरली नाही. तो सांगेल ती पूर्वदिशा."

"मग नगरपालिका हरली?"

ताईने दाराकडे पाहिलं. दारात ग्रंथपाल बाई उभ्या होत्या आणि त्यांनी माझा प्रश्न ऐकला होता.

३

ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या. खोलीत कुणी मोठ्याने बोललं की त्यांच्या कपाळावर आपोआप आठी पडते, मग तो कमिशनर असो की आणखी कुणी. आज त्या स्वतःच मोठ्याने बोलल्या.

"हरली तर ही खोली पाडणार आहेत. तुम्हाला सांगितलं नसेल कुणी. दुरुस्तीला नगरपालिकेकडे दमडी नाही. दावा गेला की पुस्तकं गोदामात, खोली जमीनदोस्त. सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली, घरात ज्यांना टेबल नाही अशी पोरं, सगळी रस्त्यावर. गोदामात गेलेली पुस्तकं परत येत नाहीत, मॅडम. मी एकदा पाहिलंय."

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना स्वतःचाच राग आला असावा, कारण त्यांनी समोरची खुर्ची उगाचच टेबलाखाली खाडकन सरकवली.

ताईने वही उघडली. "किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे. एक बांधकाम खात्यात. काल सुट्टी होती, मी फिरकले नाही. आज उघडलं तर कुलूप ठीकठाक. पण पेपरचं टेबल बाजूला सारलेलं, या फळीवरच्या पुस्तकांवर कुणीतरी जुने पेपर पसरलेले, आणि भिंत ओलसर. मी म्हटलं, गळती लागली की काय!"

"फरशीवर काचेचा तुकडा?"

"कणसुद्धा नाही. मी झाडून घेतलंय ना."

"ती पट्टी कशासाठी असते, माहीत होतं तुम्हाला?"

बाई ओशाळल्या. "मला वाटलं, भिंत आणखी फाटू नये म्हणून लावलीय. जखमेला पट्टी लावतात तशी. मला तर ती आहे हेच शुक्रवारी कळलं. वर कोण बघतं हो?"

मला हसू आलं. ताईच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं.

"भेग पहिल्यांदा कधी दिसली?"

"दोन वर्षांपूर्वी. केसासारखी बारीक. मीच कळवलं त्यांना. आता बघा, माझं बोट जातं आत." त्यांनी खरंच करंगळी घालून दाखवली. "इतका सुंदर रंग दिला होता त्याच्या आदल्याच वर्षी. आधी सगळं पांढरंफटक होतं, दवाखान्यासारखं. पिस्ता रंग मी निवडला. ऑइलपेंट, पुसला की चकचकीत."

"या भिंतीपाशी शिडी घेऊन कुणी आलं होतं, अलीकडे?"

"हे कंत्राटदार आले होते की, गेल्या महिन्यात. मापं घ्यायची म्हणाले. मी बाहेर पुस्तकं देत होते, गर्दी होती." बोलता बोलता त्या थांबल्या. "मॅडम, काय लिहिलं होतं हो त्या काचेवर?"

"तेच तर," ताई म्हणाली.

४

नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब दुपारी आले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि चालताना ते आत्ताच निवृत्त झाल्यासारखे चालत.

शुक्रवारी हेच साहेब फार ऐटीत होते. कंत्राटदाराने मुदतीचं तुणतुणं लावलं तेव्हा त्यांनी हात झटकला होता. "तीन वर्षं तुम्हाआम्हाला. सरकारला तीस वर्षं मुदत असते. आम्ही सरकार आहोत. आणखी वीस वर्षं बसून राहिलो तरी चालेल."

त्यावर ताईने शांतपणे सांगितलं होतं, "ती लांब मुदत राज्याच्या सरकारला, साहेब. नगरपालिकेला काही ठराविक बाबी सोडल्या तर नाही. असल्या दाव्यात तुम्ही आमच्याच रांगेत."

साहेबांचा चेहरा तेव्हा तोंडात मारल्यासारखा झाला होता. सगळं खातं इतकी वर्षं याच भरवशावर निवांत होतं, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असतं. मला तर गंमतच वाटली होती.

आज ती ऐट नव्हती. ताईने विचारलं तेवढ्याला ते उत्तर देत होते.

"ही पट्टी तुम्ही लावली होती?"

"आठवत नाही. लावली असेल. नसेलही. नोकरीत शेकडो लावल्या. पूल, शाळा, टाक्या, सगळीकडे."

"नोंद?"

"असायला हवी. नेहमीच असते असं नाही."

"बांधकाम खात्याची किल्ली काल कुणाकडे होती?"

"खात्यातच. खिळ्याला टांगलेली असते. कुणीही घेऊ शकतं." त्यांनी घड्याळात पाहिलं. "झालं का? मला टाकीच्या कामावर जायचंय."

"झालं," ताई म्हणाली.

ते गेले. त्यांनी भिंतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे मला नंतर जाणवलं. ताईला बहुधा तेव्हाच जाणवलं असावं, कारण ते दाराबाहेर पडेपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

५

संध्याकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून त्या दोन डागांचे फोटो दाखवत होतो आणि वैतागलो होतो.

"हे असले फोटो काढायला मला नेत जाऊ नकोस. नवरीच्या हातावरचा तीळ मी टिपतो, पण इथे टिपायला काही असावं तरी! दिवा डावीकडून लावला, उजवीकडून लावला. डागाची नुसती कड दिसते, आत सपाट. पिस्ता भिंतीवर पिस्ता डाग, उठणार कसा?"

ताई पोळी तोडता तोडता थांबली. "काय म्हणालास?"

"म्हटलं, डाग उठत नाही."

"त्याच्या आधी."

"पिस्त्यावर पिस्ता."

तिने ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मग खुर्चीला टेकून तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला क्षणभर वाटलं आपण खरंच काहीतरी मोडलं.

"शुक्रवारी मी टॉर्च मारला तेव्हा काच कशी दिसली तुला?"

"कशी म्हणजे? अख्खी चमकली."

"अख्खी," ताई म्हणाली. "मूर्ख आहे मी. उद्या सकाळी सगळ्यांना बोलावते. आता तू जेव."

"ताई, पण नेली कुणी?"

"ते मला दुपारीच कळलं होतं. ती नेऊन त्याने स्वतःचंच वाटोळं का केलं, ते आत्ता कळलं."

एवढं बोलून ती उठली. मी जेवलो, पण काय जेवलो ते विचारू नका.

६

मंगळवारी वाचनालय उघडायच्या आधी आम्ही पाच जण त्या भिंतीपुढे होतो. बाईंनी खुर्च्या मांडल्या होत्या. कंत्राटदार पसरून बसला. साहेब मांडीवर डब्याची पिशवी घेऊन कडेला टेकले.

"मी निकाल देत नाही," ताईने सुरुवात केली. "मी काय लिहिणार आहे, ते दोन्ही बाजूंना सांगते. हरकत असेल तर तीही लिहीन. भेगेवर काच कशाला लावतात? भिंत हलली की काच तडकावी म्हणून. तडकली म्हणजे भेग वाढली. बरोबर ना, साहेब?"

साहेबांनी मान हलवली.

"दोन वर्षांपूर्वी ही भेग केसाएवढी होती, आज बाईंची करंगळी आत जाते. त्या काळात काच इथे असती तर तिचे केव्हाच दोन तुकडे झाले असते. शुक्रवारी ती अखंड होती. आपण पाचही जणांनी पाहिली."

कंत्राटदार म्हणाला, "काच चिवट असते कधीकधी."

"असेल. मग दुसरं बघू. ही खोली तीन वर्षांपूर्वी रंगवली. त्याआधी पांढरी होती. पाच वर्षांपूर्वी लावलेल्या पट्टीच्या प्लास्टरखाली कुठला रंग निघायला हवा?"

"पांढरा!" बाई ओरडल्या, आणि आपण वाचनालयात ओरडलो म्हणून तोंडावर हात धरला.

"शिडीवर चढून बघा कुणीही. दोन्ही डागांखाली पिस्ता आहे, चकचकीत. पट्टी रंगाच्या नंतर लागली, आणि भेग रुंदावल्याच्याही नंतर. अगदी हल्ली. तिच्यावर तारीख मात्र पाच वर्षांपूर्वीची."

मी कंत्राटदाराकडे पाहिलं. हसू जागेवर होतं, पण त्यातली हवा गेली होती.

"ती तारीख शुक्रवारी टॉर्च मारूनही मला वाचता आली नाही," ताई त्याला म्हणाली. "तुम्ही म्हणता, खालूनच वाचली. चष्मा गळ्यात होता, डोळ्यांवर नव्हता. गेल्या महिन्यात मात्र तुम्ही शिडी घेऊन इथे आला होतात. यातून काय समजायचं ते कोर्ट समजेल."

"तुम्ही माझ्यावर आरोप करताय?" तो उठला. "मग काच नेली कुणी? मी? माझ्याकडे किल्ली नाही! ते काय लिहिणार आहात?"

"तुम्ही नाही नेली," ताई म्हणाली. "ज्याने नेली त्याने टेबल सरकवलं, पुस्तकं झाकली, प्लास्टर पाण्याने भिजवून मऊ केलं आणि काच अख्खी सोडवली. तुकडा नाही, ओरखडा नाही. असं काम सवयीच्या हाताचं. शिवाय त्या पट्टीची किंमत त्याला ठाऊक होती. बाईंना ती जखमेवरची पट्टी वाटत होती. आणि ज्याने नेली त्याला शुक्रवारपर्यंत कसलीच भीती नव्हती. शुक्रवारी इथेच त्याला कळलं, की आपल्याला तीस वर्षं नाहीत, तीनच आहेत." ती वळली. "काल प्रत्येकाच्या तोंडी त्या तारखेचा विषय होता. यांनी सांगितली, बाईंनी विचारली, माझ्या भावाने तर डोकं खाल्लं. साहेब, तुम्ही एकट्यांनीच विचारली नाहीत."

मग साहेबांनी पिशवी उघडली. डब्याखालून नॅपकिनची गुंडाळी काढून त्यांनी ती ताईपुढे ठेवली. आत काच होती, धूळसुद्धा न पुसलेली.

"फोडणार होतो," ते म्हणाले. "हात धजला नाही. कोर्टाने पाहिलेली वस्तू." त्यांनी घसा खाकरला. "घरी जाऊन तारीख वाचली. मला वाटलं, मीच लावली असणार. इतक्या लावल्या आयुष्यात, त्यातली ही विसरलो असेन. मी लावली आणि विसरलो, म्हणून ही खोली जाणार. बाईंना तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही प्लास्टर सोडवलंत तेव्हा खालचा रंग पाहिला नाहीत?"

"नाही हो. मी फक्त तारखेकडे बघत होतो."

मला त्या माणसाची कीव आली आणि रागही आला. ज्या काचेने त्यांची सुटका होणार होती, तीच चोरून त्यांनी खोलीचा गळा आवळला होता. कंत्राटदाराने लावलेल्या सापळ्याचं दार यांनी स्वतःच आतून ओढून घेतलं होतं.

कंत्राटदार "माझ्या वकिलाशी बोला" असं पुटपुटत निघून गेला. जाताना दार आपटलं. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"आता ऐका," ताई साहेबांना म्हणाली. "काच परत आली हे लिहायचं, तर कुठून आली हेही लिहावं लागेल. तुमचा जबाब लागेल, सहीनिशी. त्यावरून तुमच्यावर कारवाई होईल. पेन्शनलाही धक्का लागेल कदाचित. सही केली नाहीत तर मी जबरदस्ती करू शकत नाही. मग मी डागांचं लिहीन, आणि काच नगरपालिकेच्या माणसाने काढून नेली हे तर लिहीनच. ती कशी नेली आणि का नेली, हे तुमच्या तोंडून आलं नाही, तर त्यांचा वकील म्हणेल की काच मधल्या वेळात बदलली. त्याला उत्तर द्यायला कुणी नसेल."

"आणि खोली?"

"खोलीचं मग मी काही सांगू शकत नाही."

बाई साहेबांकडे बघत नव्हत्या. बाहेर पेपर वाचायला आलेल्या म्हाताऱ्यांची कुरबूर सुरू झाली होती, अजून दार का उघडत नाही म्हणून.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडून ते थांबले.

"वकीलबाई, एक विचारू? माझ्यावर कारवाई करायला नगरपालिकेला मुदत किती?"

"नियम बघावे लागतील," ताई म्हणाली. "पण मोजणी त्यांना कळेल त्या दिवसापासून."

ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. वर्षअखेर फार लांब नव्हती. नगरपालिकेची कागद सरकवायची चाल त्यांच्याइतकी कुणाला माहीत असणार? ताईचा अहवाल कोर्टात जाईल, तिथून त्याची प्रत निघेल, ती टेबलाटेबलावरून फिरेल, आणि तोवर हे हारतुरे आणि पूर्ण पेन्शन घेऊन घरी गेलेले असतील. मला हे सुचलं, म्हणजे त्यांना नक्कीच सुचलं असणार.

त्यांनी जबाब पूर्ण वाचला, एके ठिकाणी ताईची चूक दुरुस्त केली आणि सही केली. तारीख घातली. मग तो कागद त्यांनी ताईकडे न देता आधी ग्रंथपाल बाईंपुढे धरला.

"बाई, याची एक प्रत काढा आणि ऑफिसात मुख्याधिकाऱ्यांकडे आजच पोचवा," ते म्हणाले. "त्यांना आजच कळू दे."

बाईंनी कागद घेतला आणि दार उघडायला गेल्या.